ऊस स्वतःच पाणी घेऊन येतो, मग साखर कारखान्याचं सांडपाणी येतं कुठून?

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आत्याच्या मुलाचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. अकरा सेकंदांचा. विहिरीतून बादली वर येते, पाणी स्टीलच्या पातेल्यात ओतलं जातं. रंग कोऱ्या चहासारखा, कडेला फेस. मागून आत्याचा आवाज, "वास येतोय का बघ म्हणावं त्याला." व्हिडिओतून वास येत नाही हे आत्याला कळतं, पण ती चिडली होती. खाली भावाचा मेसेज: "दादा, तू कारखान्यांच्या सेन्सरचं काम करतोस ना? मग हे काय आहे सांग."

मी मूळ सोलापूरचा. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. कारखान्यातल्या मीटरवरून आकडे उचलायचे आणि स्क्रीनवर ग्राफ दाखवायचे, असं थोडक्यात काम. आत्याच्या शेताशेजारून ओढा जातो. ओढ्याच्या वरच्या अंगाला साखर कारखाना आहे, त्याला जोडून डिस्टिलरी. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझ्याकडे व्हिडिओ आहे, पुरावा नाही. भावाला मी आधी इंजिनिअरसारखं उत्तर दिलं, "लॅबमध्ये टेस्ट करून घे." त्याचं उत्तर आलं, "टेस्ट कशाला, रंग दिसतोय की."

मग मी हिशेब मांडायला बसलो. हा लेख त्या हिशेबातून निघालाय.

चिमणी दिसते, पाणी दिसत नाही

सोलापुरात 'गिरणी' म्हटलं की जुन्या लोकांना कापडाच्या गिरण्या आठवतात आणि 'कारखाना' म्हटलं की साखर. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात आहेत, तीसहून अधिक. त्यातल्या कुठल्या गोष्टीवर शहरात सगळ्यात जास्त चर्चा झाली? चिमणीवर. होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा ठरते म्हणून सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. त्याआधी वर्षानुवर्षं आंदोलनं, कोर्टकचेरी, राजकारण सगळं झालं. पाडतानाचे व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनमध्ये होते. चिमणी लांबून दिसते, म्हणून तिच्यावर भांडता येतं. कारखान्याच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या पाइपचा व्हिडिओ कोण काढणार?

आणि पाण्याबाबत आपली आठवण फार कमी टिकते. जून २०२४ मध्ये उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. हे 'उणे' काय असतं, तेही सांगतो. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी 'मृतसाठा' धरलेलं आहे, म्हणजे नेहमीच्या दरवाजांतून जे बाहेर येत नाही ते. वापरायचा साठा संपून त्या मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला की टक्केवारी शून्याच्या खाली जाते. म्हणजे मोबाइलची बॅटरी शून्य दाखवतेय आणि आपण तरी फोन चालवतोय, तशी अवस्था. त्यानंतर सव्वा वर्षाने, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच जिल्ह्यात सीनेला असा पूर आला की माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावं पाण्यात गेली. दुष्काळात कारखान्यांच्या पाण्याचा विषय निघतो, पूर आला की तो वाहून जातो. यंदाचा गाळप हंगाम १ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झाला, तेव्हा पाण्याबद्दल कोणी शब्द काढल्याचं मला आठवत नाही. ऊस चिखलात अडकलेला, सगळ्यांना तोडीची घाई.

गव्हाणीत पडणारं पाणी

आता मूळ गंमत. ऊस म्हणजे वजनाने जवळपास ७० टक्के पाणी.

समजा, एक कारखाना दिवसाला ५,००० टन ऊस गाळतो. आपल्याकडे हा मध्यम आकाराचा झाला. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या त्याच्या गव्हाणीत रोज ५,००० टन ऊस टाकतात, म्हणजे त्यासोबत ३,५०० टन पाणीही टाकतात. ३५ लाख लिटर. रोज. कुठल्याही नदीतून, बोअरमधून न उचलता.

हे पाणी जातं कुठे? थोडं बगॅसमध्ये. शंभर टन उसामागे अठ्ठावीस-तीस टन ओला भुस्सा निघतो आणि त्यात निम्मं पाणी असतं. ते बॉयलरच्या भट्टीत जळतानाच वाफ होऊन चिमणीतून जातं. थोडं प्रेसमडमध्ये, अगदी थोडं मळीत. ही सगळी वजाबाकी केली तरी रोजचे पंचवीस लाख लिटरच्या आसपास पाणी उरतं. साखर खडखडीत कोरडी बाहेर पडते, म्हणजे हे सगळं पाणी रसातून कुठेतरी उडवावंच लागतं.

ते उडवायचं काम इव्हॅपोरेटर करतात, आणि इंजिनिअरिंग म्हणून ही फार सुंदर गोष्ट आहे. घरी चार भांड्यांत पाणी उकळायचं तर चार गॅस लागतील. इथे चार-पाच भांडी ओळीने जोडलेली असतात. पहिल्यात टर्बाइनमधून आलेल्या वाफेवर रस उकळतो. त्या रसातून जी वाफ निघते, ती दुसऱ्या भांड्याला इंधन म्हणून मिळते. दुसऱ्याची तिसऱ्याला. पण तीच वाफ पुढचं भांडं कशी उकळवेल, तापमान तर तेच आहे? म्हणून पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब कमी करत नेतात. दाब कमी की उकळबिंदू कमी. शेवटच्या भांड्यात रस साठ अंशांच्या आसपासच उकळायला लागतो. एकदा दिलेली उष्णता चार-पाच वेळा वापरली जाते.

आणि प्रत्येक भांड्यात वाफ थंड होऊन पाणी बनतं. त्याला कारखान्यात कंडेन्सेट म्हणतात. उसातलं पाणी, गरम, जवळजवळ डिस्टिल्ड. कागदावर बघितलं तर हंगामात साखर कारखान्याला बाहेरून पाणी लागण्याचं फारसं कारण नाही. तरी जुन्या पद्धतीने चालणारे कारखाने टनामागे हजार ते दोन हजार लिटर पाणी बाहेरून वापरायचे, असे आकडे या विषयाच्या लेखनात सर्रास भेटतात.

गरम पाण्याला गिऱ्हाईक नसतं

दोन वर्षांपूर्वी मी कामानिमित्त एका कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये तीन दिवस होतो. तिथे एक माणूस दर थोड्या वेळाने कंडेन्सेटचा नमुना काचेच्या नळीत घ्यायचा, त्यात एका बाटलीतले दोन-चार थेंब टाकायचा, मग ॲसिड. नळीत जांभळं कडं दिसलं की तो धावत जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा. ही अल्फा-नॅफ्थॉलची टेस्ट. पाण्यात साखर आलीय का, एवढंच ती सांगते. रस जोरात उकळला की वाफेबरोबर त्याचे बारीक थेंबही उडून पुढे जातात. असं पाणी बॉयलरमध्ये गेलं तर साखर जळते, ॲसिड तयार होतं, फेस येतो, ट्यूब खराब होतात. बॉयलर बंद म्हणजे कारखाना बंद, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. म्हणून शंका आली की ते पाणी सरळ गटारात सोडतात. मी विचारलं, "परत कधी घेता?" तो म्हणाला, "साहेब, एकदा सोडलं की शिफ्ट संपेपर्यंत कोण परत घेतंय."

सांडपाण्याचा जन्म असा होतो. कोणी दुष्टपणे काही करत नाही. कंडेन्सेट गरम असतं, त्यात थोडी साखर, थोडा अमोनिया असतो, ते थंड करून साफ करायला पैसे लागतात. आणि पलीकडे नदीतून उचललेलं थंड पाणी असतं, जे तुलनेने जवळपास फुकट पडतं. मग कोण कशाला गरम पाण्याच्या मागे लागेल?

दुसरी जागा म्हणजे कंडेन्सर. शेवटच्या भांड्यातली आणि साखरेच्या पॅनमधली वाफ थेट थंड पाण्याच्या फवाऱ्यात घालून विझवतात. ते कोमट झालेलं पाणी स्प्रे पाँडवर कारंज्यासारखं उडवून थंड करतात. कारखान्याजवळून जाताना तुम्ही ती कारंजी पाहिली असतील, हिवाळ्यात पहाटे त्यांवर धुकं असतं. उरलेल्या पंचवीस लाख लिटरपैकी निम्म्याच्या आसपास पाणी इथेच हवेत उडून जातं, हेही हिशेबात धरलं पाहिजे. पण पाँडमध्ये सतत नवं पाणी येतंय, म्हणून तो भरून वाहतोही. वाहणाऱ्या पाण्यात पुन्हा तीच, वाफेबरोबर उडून आलेली साखर.

साखर तर आपण खातो, तिने काय बिघडतं? रसायनशास्त्राचा एक छोटा हिशेब करू. एक किलो साखर पाण्यात पूर्ण कुजायला साधारण १.१ किलो ऑक्सिजन लागतो. आपल्याकडच्या तापमानाला स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. भागाकार करा. एक किलो साखर जवळपास १ लाख ४० हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊ शकते. बीओडी, बीओडी म्हणतात ते हेच, पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप. गाळप हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च. नेमक्या या महिन्यांत आपल्या ओढ्यांना स्वतःचं पाणी नसतं. पावसाळ्यात जे मिसळून पातळ झालं असतं, ते जानेवारीत एकटंच वाहतं, जिरतं आणि जवळच्या विहिरीत उतरतं.

नियम बरे आहेत

खरं सांगतो, नियम वाचल्यावर मला आश्चर्य वाटलं. जुना नियम टनामागे ४०० लिटर सांडपाण्याची मुभा द्यायचा. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०१६ मध्ये अधिसूचना काढून ती निम्म्यावर आणली. टन उसामागे १०० लिटर प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि वर १०० लिटर स्प्रे पाँड किंवा कूलिंग टॉवरचं. आपल्या ५,००० टनांच्या कारखान्याला दोन्ही मिळून दिवसाला १० लाख लिटर. बीओडी जमिनीवर सोडताना लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत, नदी-ओढ्यात सोडताना ३० च्या आत.

त्याच अधिसूचनेत एक कलम आहे, ते मला सगळ्यात आवडलं. सांडपाणी प्रक्रिया केंद्र गाळपाच्या एक महिना आधी सुरू करून स्थिर करायचं आणि गाळप संपल्यावरही एक महिना चालवायचं. का? कारण तिथे काम करतात ते जिवाणू. जिवाणू म्हणजे ॲप नव्हे, इन्स्टॉल केलं आणि उघडलं. त्यांची संख्या वाढायला आठवडे लागतात, त्यांना रोज खायला लागतं. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम थाटात होतो, संचालक मंडळ, हार, फोटो. प्रक्रिया केंद्रातल्या जिवाणूंचं पूजन झालेलं मी अजून ऐकलेलं नाही. आणि हंगाम संपताना सगळी भांडी कॉस्टिक सोड्याने धुतात, ट्यूब खरवडतात. सगळ्यात जहाल पाणी तेव्हा निघतं. म्हणजे आत्ता, याच दिवसांत.

कमी कसं करायचं

कंपन्यांची माहितीपत्रकं वाचलीत तर सुरुवातच कंडेन्सेट पॉलिशिंग युनिटने होते. म्हणजे कंडेन्सेट थंड करायचं, जिवाणूंकडून उरलीसुरली साखर खाऊन घ्यायची, वाळू आणि कार्बनच्या फिल्टरमधून काढायचं आणि ते पाणी कूलिंग टॉवरला किंवा प्रोसेसला परत वापरायचं. हे लागतंच. पण तीन दिवस फिरून माझं मत असं झालं की आधी चिल्लर गोष्टी कराव्यात. पंपाच्या शाफ्टभोवती दोरीसारखं पॅकिंग असतं आणि ते थंड ठेवायला सतत पाण्याची धार सोडलेली असते. शेकडो पंप, चोवीस तास. तिथे मेकॅनिकल सील बसवला की धार बंद. मिल हाउसची जमीन पाइपने धुण्याऐवजी आधी बगॅस टाकून तेल-रस टिपून घ्यायचा, मग झाडायचं. टर्बाइनचं ऑइल कूलर, सल्फर बर्नर यांचं थंड करायचं पाणी एकदा वापरून सोडण्याऐवजी गोल फिरवायचं. उसावर रस धुऊन काढायला जे पाणी शिंपडतात, ते गरमच हवं असतं, तिथे नदीचं पाणी वापरणं म्हणजे सरळ वेडेपणा. तिथे कंडेन्सेटच गेलं पाहिजे. आणि भांड्यांच्या डोक्यावर थेंब अडवणारे सेपरेटर नीट बसवायचे. यात दुहेरी फायदा आहे, कारण उडून जाणारी साखर ही विकायची साखर असते.

एक गोष्ट मात्र कारखान्यांच्या बाजूने बोललीच पाहिजे. आजचा कारखाना नुसता साखरेचा राहिलेला नाही. सहवीज प्रकल्पाच्या कूलिंग टॉवरला पाणी लागतं, डिस्टिलरीत मळी पातळ करायला पाणी लागतं, आणि हे उद्योग गाळप संपल्यावरही चालतात, जेव्हा उसातून पाणी येत नाही. त्यामुळे 'शून्य लिटर बाहेरून' हे साखरेपुरतं आणि हंगामापुरतं खरं ठरू शकतं, पूर्ण संकुलासाठी नाही.

आणि दुसरी, थोडी कडू. सोलापुरात वर्षाला पाऊस पडतो पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. उसाला लागतं दोन हजार मिलिमीटरच्या वर. हेक्टरी शंभर टन ऊस धरला, तर एक टन ऊस पिकवायला दोन लाख लिटर पाणी झालं. कारखान्यात आपण त्याच एका टनाच्या शंभर-दोनशे लिटरवर बोलतोय. हजारपट फरक. म्हणून 'कारखान्याने पाणी वाचवलं की दुष्काळ हटेल' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या, ती लढाई शेतातल्या ठिबकची आणि पिकांच्या निवडीची आहे. पण सांडपाण्याला हा युक्तिवाद लागू होत नाही. शेतातलं पाणी पन्नास गावांत पसरलेलं असतं. कारखान्याचं एका ओढ्यात उतरतं आणि त्या ओढ्याला ठरावीक दहा-बारा विहिरी असतात. त्यातली एक आत्याची.

कोऱ्या चहाचा रंग

आता भावाच्या प्रश्नाकडे. नुसत्या साखर विभागाचं सांडपाणी बहुधा राखाडी, काळपट होतं आणि सडकं घाण वास मारतं. तांबूस तपकिरी, चहासारखा रंग आला की संशय जातो तो डिस्टिलरीकडे, ज्याला आपल्याकडे 'मळीचं पाणी' म्हणतात त्याच्याकडे. स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोल बनवताना आठ ते बारा लिटर असं पाणी निघतं. त्याचा बीओडी लिटरला ४० हजार मिलिग्रॅम किंवा त्याहूनही वर असतो. मघाशी आपण ३० आणि १०० मिलिग्रॅमचे नियम बघितले, ते आठवा. त्याचा रंग ज्या पदार्थांमुळे येतो, ते जिवाणूंना सहज पचत नाहीत. बायोगॅस काढून घेतला तरी रंग तसाच राहतो.

तुमच्या बाईकमध्ये आज जे पेट्रोल जातं, त्यात २० टक्के इथेनॉल आहे. देशाने २०२५ मध्ये हा टप्पा गाठला. त्यातलं बरंचसं मक्यापासून, तांदळापासूनही बनतं, पण आपल्या जिल्ह्यात ते मळीपासून आणि उसाच्या रसापासून. डिस्टिलऱ्यांना एक थेंबही बाहेर सोडायची परवानगी नाही, 'झिरो लिक्विड डिस्चार्ज'. त्यासाठी दोन मुख्य वाटा. एक, स्पेंटवॉश आटवून काकवीसारखा घट्ट करायचा आणि खास बॉयलरमध्ये बगॅसबरोबर किंवा कोळशाबरोबर जाळायचा. त्याच्या राखेत पोटॅश असतं आणि ते खत म्हणून विकता येतं. दुसरी वाट स्वस्त आणि जुनी. प्रेसमडच्या ढिगांवर स्पेंटवॉश फवारून कंपोस्ट करायचं. यात अडचण एकच, ते ढीग उघड्यावर असतात. फरशी पक्की नसेल, तडे गेले असतील, अवकाळी पाऊस झाला, तर रंग जमिनीत उतरतो. गेल्या सप्टेंबरात किती पाऊस झाला ते मी वर लिहिलंच आहे. आत्याच्या विहिरीत तेच झालं असं मी म्हणत नाही. पण मला विचारलंत तर मी पाइपआधी कंपोस्ट यार्डची फरशी बघेन.

सेन्सर बघतो ते आणि बघत नाही ते

भावाला वाटत होतं, सेन्सर आहेत म्हणजे सरकारला सगळं दिसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सतरा प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना ऑनलाइन मीटर बसवायला सांगितलं. साखर आणि डिस्टिलरी दोन्ही त्यात येतात. पीएच, बीओडी, सीओडी, तरंगता गाळ आणि प्रवाह, हे आकडे दर काही मिनिटांनी मंडळाच्या सर्व्हरवर जातात. डिस्टिलरीसारख्या झिरो डिस्चार्जवाल्यांना फ्लोमीटर आणि कॅमेरा.

मी हे आकडे रोज बघतो, म्हणून सांगतो. खरा सेन्सर कधीच सरळ रेषा काढत नाही. पाण्यात बुडवलेल्या पीएच मीटरचा आकडा ७.१, ७.३, ७.२ असा थरथरत असतो. एका कारखान्याच्या डेटात मला रात्री अकरा ते सकाळी सात पीएच ७.२०, ७.२०, ७.२० दिसला होता. आठ तास. मी सीनिअरला दाखवलं. तो म्हणाला, प्रोब हवेत लटकत असेल, नाहीतर शेवटचा आकडा अडकला असेल. दोन्ही शक्य होतं. तिसरंही शक्य होतं, पण ते आमच्या कामाच्या कक्षेत नव्हतं. मर्यादेच्या आत असल्याने अलार्म वाजला नाही. 'आकडा हललाच नाही' असा अलार्म लिहायला मला अर्धा तास पुरला असता. कोणी मागितला नव्हता.

पण याहून मोठी अडचण वेगळी आहे. सेन्सर ज्या पाइपवर लावलाय, त्याच पाइपबद्दल बोलतो. दुसऱ्या पाइपबद्दल, फुटलेल्या लॅगूनबद्दल, टँकरबद्दल त्याला काही माहीत नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की बीओडीच्या महागड्या सेन्सरआधी साधी बेरीज-वजाबाकी मागा. ऊस किती आला, ते वजनकाट्यावर किलोपर्यंत मोजलेलं असतं, कारण त्याचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे असतात. (काट्यावरची भांडणं हा स्वतंत्र लेख होईल.) त्याच्या ७० टक्के पाणी आत आलं. नदीतून, बोअरमधून किती उचललं ते मीटर सांगेल. बगॅस, प्रेसमड, मळीतून किती गेलं त्याचा अंदाज ठरलेला आहे. हवेत किती उडालं ते गणिताने निघतं. जे जुळत नाही, तेवढं पाणी कुठेतरी गेलंय. एखादा कारखाना म्हणतो, आम्ही टनामागे ऐंशीच लिटर सोडतो, आणि त्याच वेळी नदीतून भरपूर पाणी उचलतोय. मग ते पाणी मुरतंय कुठे, हा प्रश्न एक्सेलमध्येही विचारता येतो. त्याला एआय लागत नाही.

हे आकडे मिळतात का? काही प्रमाणात मिळतात, आणि फोनवरही. दिवसाला ५,००० टन आणि त्यावरच्या कारखान्यांना, तसंच डिस्टिलऱ्यांना पर्यावरण मंजुरी लागते. त्यांचे अहवाल केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर असतात. पीडीएफ जाड असते, थेट पाण्याच्या ताळेबंदाच्या तक्त्यावर जा. कारखान्याने स्वतःच लिहून दिलेलं असतं, कुठून किती घेणार आणि किती परत वापरणार. शिवाय परवानाधारक प्रत्येक उद्योगाने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत राज्य मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यायचं असतं, फॉर्म पाच. त्यात उत्पादनाच्या प्रमाणात किती पाणी वापरलं हा रकाना असतो. ते माहिती अधिकारात मागता येतं. दोन कागद शेजारी ठेवायचे.

भावाला मी आणखी एक गोष्ट सांगितली. आपण बाटलीत भरून नेलेलं पाणी लॅबमध्ये तपासलं तर आपली खात्री होते, पण कोर्टात त्याला फार किंमत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात नमुना कोणी, कसा, कोणासमोर घ्यायचा ते ठरवून दिलंय. तसा नमुना मंडळाचा अधिकारीच घेऊ शकतो. सोलापुरात मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आहे. लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, तारखा जपायच्या.

त्याने अर्ज दिलाय. सोबत एक गूगल शीट सुरू केलंय, ओढ्यावरच्या अजून चार विहिरीवाल्यांना लिंक पाठवून. तारीख, वेळ, फोटो, वास, रंग. कारखान्याचं गाळप त्या दिवशी किती झालं तोही एक रकाना मी घालायला लावला. रंगाचा रकाना आत्या सांगते आणि तो टाइप करतो. गेल्या मंगळवारी 'कोरा चहा', शुक्रवारी 'दूध घातलेला', आणि परवाच्या ओळीत नुसतं 'तसाच'. प्यायचं पाणी सध्या शेजारच्या बोअरवरून येतंय, दोन हंडे सकाळी, दोन संध्याकाळी.